मकार गेला, मग संघ जिंकला: यूमासच्या आइस हॉकी संघाचं प्रकरण

२०१६-१७च्या मोसमात मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाचा, म्हणजे ॲमहर्स्टच्या यूमासचा, पुरुष आइस हॉकी संघ ३६ सामने खेळला. त्यातले ५ जिंकले, २९ हरले आणि २ बरोबरीत सुटले. प्रशिक्षक ग्रेग कार्व्हेल यांचं तिथलं ते पहिलंच वर्ष होतं. १० एप्रिल २०२१ला पिट्सबर्गमध्ये याच प्रशिक्षकाच्या संघाने सेंट क्लाउड स्टेटचा ५-० असा धुव्वा उडवून राष्ट्रीय विजेतेपद पटकावलं.

या प्रवासाचं कारण कुणालाही विचारा, उत्तर एकच मिळतं: केल मकार हा बचावपटू. उत्तर सोपं आहे आणि अर्धवट आहे. मकार यूमासमध्ये दोनच मोसम खेळला आणि २०१९च्या एप्रिलमध्ये कोलोरॅडोच्या व्यावसायिक संघात गेला. तो असताना संघ अंतिम सामना हरला. जिंकला तो गेल्यावर दोन वर्षांनी. या संघाचा चाहता म्हणून मला वाटतं की सुधारणेचं खरं कारण शोधायचं असेल तर मकारच्या गोलांपेक्षा संघ हरताना कसा हरत होता तिकडे बघावं लागेल.

मॅसॅच्युसेट्समध्ये मराठी घरं भरपूर आहेत, आणि त्यातल्या बऱ्याच घरांतली मुलं यूमासला शिकतात. तरीही आईवडिलांना हा खेळ बहुधा टीव्हीवर ओझरता दिसलेला असतो, म्हणून थोडी तोंडओळख. बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे पाच खेळाडू आणि एक गोलरक्षक. वीस-वीस मिनिटांची तीन सत्रं. चेंडूऐवजी काळी, चपटी रबरी चकती, तिला पक म्हणतात. चूक केली की खेळाडू दोन मिनिटं बाहेर, आणि तेवढा वेळ समोरचा संघ पाचास चार असा खेळतो. तो पॉवर प्ले. महाविद्यालयीन हॉकीच्या पहिल्या श्रेणीत साठेक संघ आहेत. मोसमाअखेर त्यातले १६ राष्ट्रीय स्पर्धेत जातात आणि शेवटचे चार ज्या टप्प्यावर भेटतात त्याला फ्रोझन फोर म्हणतात.

यूमास खेळतं ते हॉकी ईस्ट या विद्यापीठांच्या गटात, आणि ही गल्ली साधी नाही. बॉस्टन कॉलेज, बॉस्टन युनिव्हर्सिटी, मेन, प्रॉव्हिडन्स, या सगळ्यांच्या नावावर राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. यूमासकडे होता तुटक इतिहास. १९७९मध्ये विद्यापीठाने हा संघच बंद करून टाकला होता. १९९३मध्ये मुलिन्स सेंटर हे मोठं क्रीडागार उभं राहिलं तेव्हा संघ पुन्हा सुरू झाला. राष्ट्रीय स्पर्धेत पहिला प्रवेश मिळाला तो २००७मध्ये. गोलपोस्टमध्ये तेव्हा जोनाथन क्विक होता, तोच पुढे लॉस एंजेलिस किंग्जकडून स्टॅनले कप, म्हणजे व्यावसायिक हॉकीचा सर्वोच्च करंडक, जिंकणारा. क्लार्कसनला जादा वेळेत १-० हरवलं, पुढच्या सामन्यात मेनने घरी पाठवलं. त्यानंतर जवळपास दशकभर सांगण्यासारखं काही घडलं नाही.

२०१६मध्ये कार्व्हेल आले. खेळाडू म्हणून आणि नंतर प्रशिक्षक म्हणून ते सेंट लॉरेन्स विद्यापीठाचे. मध्ये अनाहाइम आणि ओटावा या व्यावसायिक संघांत साहाय्यक प्रशिक्षक. पदव्युत्तर शिक्षण मात्र त्यांनी ॲमहर्स्टलाच घेतलेलं. सोबत त्यांनी बेन बार यांना आणलं. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागेल.

आता त्या पाच विजयांच्या मोसमाबद्दल. चांगला प्रशिक्षक आला आणि संघ आधीपेक्षा वाईट खेळला, कारण आधीच्या वर्षी निदान ८ विजय होते. इथे आपल्याकडच्या क्रिकेटचं उदाहरण आठवतं. चंद्रकांत पंडित विदर्भाकडे गेले आणि पहिल्याच मोसमात, २०१७-१८मध्ये, विदर्भाने रणजी करंडक जिंकला. पण त्यांच्या हाताशी कर्णधार फैज फझल होता, वासिम जाफरसारखा मुरलेला फलंदाज होता. महाविद्यालयीन हॉकीत मुरलेलं कुणी मिळतच नाही. खेळाडू चार वर्षांसाठी येतो आणि जातो, चांगला असेल तर त्याआधीच जातो. नव्या प्रशिक्षकाला पहिली दोन-तीन वर्षं दुसऱ्याने निवडलेली मुलं घेऊन खेळावं लागतं. स्वतःची निवडायची, तर सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना गाठायचं आणि ती मोठी होईपर्यंत वाट बघायची.

त्या मोसमातला यूमास बघताना जीव कशात रडायचा, तर गोल खाण्यात नव्हे. आपल्याच भागात अडकून पडण्यात. या खेळात खेळाडू साधारण ४० ते ५० सेकंद जीव तोडून पळतो आणि बाकावर येतो. त्याच्या जागी ताजा खेळाडू उडी मारतो. पण पक आपल्याच गोलसमोर घोटाळत असेल तर बदल करता येत नाही. पाच दमलेली पोरं मिनिटभर तशीच झगडतात, शेवटी कुणीतरी कंटाळून पक थेट दुसऱ्या टोकाला भिरकावतो. याला आइसिंग म्हणतात. त्याची शिक्षा मोठी चतुर आहे: खेळ पुन्हा सुरू होतो तो तुमच्याच गोलाजवळ, आणि तुम्हाला खेळाडू बदलता येत नाहीत. म्हणजे दमलेले तेच पाच, समोर ताजे पाच. गोल होतो तो बहुतेक वेळा इथे. फलकावर दिसतो फक्त गोल. त्याआधीच्या दीड मिनिटाची रडकथा फलक सांगत नाही.

म्हणून संघ सुधारतोय का हे बघायचं तर फलकापेक्षा वेगळं काहीतरी मोजावं लागतं. माझी मोजपट्टी साधी आहे. आपल्या गोलामागे पक मिळाला की बचावपटू काय करतो? पहिल्याच दमात सहकाऱ्याला पास देऊन बाहेर काढतो, की भिंतीवर आपटून देवावर भरवसा ठेवतो? दुसरं, गोल खाल्ल्यानंतरची दोन मिनिटं संघ कुठल्या भागात घालवतो? आणि तिसरं, जे बहुतेक प्रेक्षक पाहत नाहीत: आक्रमण फसल्यावर आघाडीचे खेळाडू मागे किती वेगाने पळतात? या तिन्ही गोष्टींना प्रतिभा फारशी लागत नाही. आणि २०१७-१८मध्ये त्याच आधी बदलल्या.

त्या वर्षी नव्या मुलांची मोठी तुकडी आली. मकार होताच. त्याच्याबरोबर बचावपटू मारियो फेरारो, आघाडीला मिचेल चॅफी आणि गावातलाच, ॲमहर्स्टचाच जॉन लेनर्ड, गोलरक्षक मॅट मरे. (पिट्सबर्गकडून स्टॅनले कप जिंकलेला मॅट मरे वेगळा. दोघेही गोलरक्षक असल्याने हा घोळ आम्हाला वर्षानुवर्षं निस्तरावा लागला.) मकार अल्बर्टातल्या कनिष्ठ लीगमधून आलेला, व्यावसायिक संघ दरवर्षी तरुण खेळाडूंची निवड करतात, त्या २०१७च्या निवडीत कोलोरॅडोने चौथ्या क्रमांकावर उचललेला. एवढ्या वर निवडला गेलेला मुलगा नुकत्याच ५ सामने जिंकलेल्या संघात येतो, ही गोष्ट तेव्हा अनेकांना पटत नव्हती. त्याने आधीच्या प्रशिक्षकांच्या काळातच शब्द दिला होता. कार्व्हेल आणि बार यांचं पहिलं मोठं यश म्हणजे तो शब्द टिकला.

त्या मोसमाचा हिशेब: १७ विजय, २० पराभव, २ बरोबरी. मकारचे ५ गोल आणि १६ साहाय्य, म्हणजे दुसऱ्याच्या गोलासाठी दिलेले पास; दोन्ही मिळून २१ गुण. अठरा-एकोणीस वर्षांच्या बचावपटूसाठी बरे आकडे, पण यात जादू नव्हती. बारा विजयांची वाढ एका मुलाच्या २१ गुणांतून येत नाही. ती आली ते वीस पराभव आधीच्या एकोणतीसांपेक्षा वेगळ्या जातीचे होते म्हणून. सामना तिसऱ्या सत्रापर्यंत हातात असायचा. मुलिन्स सेंटरमध्ये लोक शेवटची शिट्टी होईपर्यंत बसायला लागले. हिवाळ्याच्या रात्री तिथल्या पार्किंगमधून लवकर सटकण्याचा मोह किती असतो हे ज्याला माहीत आहे त्याला याचं वजन कळेल.

मग २०१८-१९. ३१ विजय, १० पराभव. डिसेंबरमध्ये संघ इतिहासात पहिल्यांदा देशात पहिल्या क्रमांकावर गेला. हॉकी ईस्टच्या साखळीत पहिल्यांदा अव्वल आला. मकारने ४१ सामन्यांत १६ गोल आणि ३३ साहाय्य केलं, आणि देशातल्या सर्वोत्तम महाविद्यालयीन खेळाडूला मिळणारा होबी बेकर पुरस्कार घेतला. त्याचं खेळणं बघणं हा निव्वळ आनंद होता. समोरच्या संघाचा भाग जिथे सुरू होतो त्या निळ्या रेषेवर पक घेऊन उभा राहायचा, एक खांदा टाकायचा, समोरचा त्या खांद्यावर विश्वास ठेवायचा आणि तिथेच फसायचा. त्या वर्षीचं यश मकारशिवाय आलं असतं, असं मी म्हणणार नाही. राष्ट्रीय स्पर्धेत हार्वर्डला ४-०, नोत्र दामला ४-०. दोन सामन्यांत एकही गोल न खाता संघ बफेलोला, पहिल्यावहिल्या फ्रोझन फोरला पोहोचला. उपांत्य फेरीत डेन्व्हरला जादा वेळेत ४-३ हरवलं. निर्णायक गोल मार्क डेल गायझो या बचावपटूचा.

१३ एप्रिल २०१९चा अंतिम सामना मला या सगळ्या प्रकरणाचा कणा वाटतो. समोर मिनेसोटा-डुलुथ, आदल्या वर्षीचे विजेते. निकाल ०-३. अंकांवरून सामना चुरशीचा वाटेल, पण तसा तो नव्हता. डुलुथने काही भव्यदिव्य केलं नाही. मध्यभाग बंद करून टाकला. मकारला पक मिळाला की एक खेळाडू त्याच्या अंगावर, दुसरा त्याच्या पासच्या वाटेवर. यूमासला कडेकडेने फिरू दिलं, गोलासमोरच्या मोक्याच्या जागेत शिरू दिलं नाही. जे फटके आले ते हंटर शेपर्डने अडवले. आदल्याच दिवशी सर्वोत्तम ठरलेला खेळाडू आमच्याकडे, आणि आमच्या नावावर एकही गोल नाही. दोन दिवसांनी तोच मकार कोलोरॅडोकडून कॅल्गरीविरुद्ध व्यावसायिक बाद फेरीत उतरला आणि पदार्पणातच गोल करून बसला. म्हणजे प्रतिभा कमी पडली असं म्हणायची सोयच राहिली नाही.

डुलुथने त्या दिवशी दाखवून दिलं की एका असामान्य खेळाडूभोवती उभा केलेला संघ त्याच्याएवढ्या वर जातो, पण त्याला बांधून टाकलं की सगळेच बांधले जातात. पुढची दोन वर्षं यूमासने केलं ते हेच: स्वतःच डुलुथ व्हायचं ठरवलं. हे वाक्य माझं आहे, कार्व्हेल यांच्या तोंडी घालू नका. पण २०२१चा संघ आणि २०१९चा डुलुथ यांचे सामने पाठोपाठ लावून पाहा. बर्फाच्या मधल्या भागात पांढऱ्या-मरून जर्सींची तीच गर्दी दिसते, तोच कंटाळवाणा शहाणपणा.

२०१९-२०बद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मकार आणि फेरारो गेले, तरी संघाने २१ सामने जिंकले. लेनर्डने २७ गोल मारून देशात सर्वाधिक गोल करणाऱ्याचा मान मिळवला. मार्चमध्ये करोनामुळे राष्ट्रीय स्पर्धाच रद्द झाली. मग लेनर्डही व्यावसायिक हॉकीत गेला.

म्हणजे २०२०-२१च्या संघात ना मकार, ना फेरारो, ना लेनर्ड, ना चॅफी. जे राहिले त्यांच्यातला बॉबी ट्रिविग्नो न्यूयॉर्कमधल्या लाँग आयलंडचा, बुटका. व्यावसायिक संघांच्या निवडीत त्याचं नाव कुणी घेतलेलं नव्हतं. कार्सन गिसेविझ सेंट लॉरेन्सहून, कार्व्हेल यांच्या जुन्या विद्यापीठातून आलेला. गॅरेट वेट मिनेसोटात संधी न मिळाल्याने इकडे आलेला. झॅक जोन्स आणि मॅथ्यू केसल हे बचावफळीतले दोघे मात्र खरंच वरच्या दर्जाचे. या संघाने हॉकी ईस्टचा अंतिम सामना यूमास लोवेलविरुद्ध, म्हणजे लोवेल शहरातल्या यूमासविरुद्ध, १-० असा जिंकला, आणि साखळीनंतरची ही बाद स्पर्धा आमच्या यूमासने पहिल्यांदाच जिंकली. १-० हा आकडा मला फार बोलका वाटतो. मकारच्या वर्षीचा यूमास असा सामना जिंकायला तयारच नव्हता.

राष्ट्रीय स्पर्धेत लेक सुपीरियर स्टेटला ५-१, बेमिजी स्टेटला ४-०. दुसऱ्या सामन्यात गिसेविझची हॅटट्रिक. आणि उपांत्य फेरीत पुन्हा मिनेसोटा-डुलुथ! २०१८ आणि २०१९चे विजेते, २०२०ला स्पर्धाच झाली नाही म्हणजे तांत्रिकदृष्ट्या गतविजेतेच. नुकतेच नॉर्थ डकोटाशी पाच जादा सत्रं खेळून जिंकून आलेले; राष्ट्रीय स्पर्धेतला तो सर्वांत लांबलेला सामना. आणि आमच्याकडचे चार जण करोनाच्या नियमांमुळे संघाबरोबर पिट्सबर्गला जाऊ शकले नाहीत. त्यात पहिल्या पसंतीचा गोलरक्षक फिलिप लिंडबर्ग आणि त्या मोसमात संघासाठी सर्वाधिक गोल करणारा गिसेविझ. ही बातमी आली त्या संध्याकाळी आम्हा चाहत्यांपैकी निम्म्यांनी मनातल्या मनात मोसमाला नारळ दिला होता.

गोलमध्ये उभा राहिला तो मॅट मरे. २०१७च्या त्या पहिल्या तुकडीतला, लिंडबर्गने जागा घेतल्यापासून बाकावर बसलेला. त्याने ३६ फटके अडवले. डुलुथकडे दुसऱ्या सत्राअखेर आघाडी होती. तिसऱ्या सत्रात अँथनी डेल गायझोने बरोबरी साधली, मार्कचा भाऊ. जादा वेळेत तर पक जवळपास डुलुथच्याच भागात राहिला. वर सांगितलेली मोजपट्टी लावून तेवढाच भाग पुन्हा पाहावा: दमलेले पाय कुणाचे, बदल कुणाला करता येत नव्हता, पक नुसता भिरकावत कोण होतं. चार वर्षांपूर्वी आम्ही जे भोगत होतो ते आता समोरचे भोगत होते. मिनेसोटाने फारसा न खेळवलेल्या वेटने गोलामागून येऊन पक आत ढकलला. ३-२.

अंतिम सामन्याला लिंडबर्ग परतला. पहिला गोल ॲरन बोलिंजरचा, पहिल्या वर्षाचा बचावपटू, महाविद्यालयीन कारकिर्दीतला त्याचा पहिलाच गोल. दुसरा रीड लेबस्टरचा. दुसऱ्या सत्रात यूमासचा एक खेळाडू बाहेर असताना, म्हणजे सेंट क्लाउडचा पॉवर प्ले चालू असताना, फिलिप लागुनोव्हने उलटी मुसंडी मारून तिसरा केला. सामना तिथेच संपला. मग केसल, शेवटी ट्रिविग्नो. पाच गोल, पाच वेगवेगळे खेळाडू. स्पर्धेतल्या चार सामन्यांत मिळून यूमासने १७ गोल केले आणि ३ खाल्ले. फ्रोझन फोरचा सर्वोत्तम खेळाडू ठरला ट्रिविग्नो.

यावर दोन आक्षेप नेहमी ऐकू येतात. पहिला: ते करोनाचं वर्ष, हार्वर्डसारख्या विद्यापीठांच्या आयव्ही लीगचे संघ खेळलेच नाहीत, सेंट क्लाउडचा मुख्य आक्रमक ईस्टन ब्रोड्झिन्स्की पाय मोडून बाहेर, म्हणून हे विजेतेपद हलकं. यातली वस्तुस्थिती खरी आहे. पण ज्या संघाने उपांत्य सामना चार खेळाडूंशिवाय जिंकला त्याला नशीबवान म्हणणं मला जमत नाही. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: मकार आला नसता तर जोन्स, केसलसारखी मुलं ॲमहर्स्टकडे वळली असती का? बहुधा नसती. मकारने दार उघडलं हे मान्यच आहे. त्याने पुढे काय केलं ते जगजाहीर आहे. २०२२ला स्टॅनले कप आणि त्याच वर्षी बाद फेरीचा सर्वोत्तम खेळाडू. पण उघडलेल्या दारातून आत येऊन संघ खाली कोसळल्याची उदाहरणं कमी नाहीत. इथे तसं झालं नाही ते आधीच बसलेल्या सवयींमुळे.

याचा सर्वांत चांगला पुरावा ॲमहर्स्टच्या बाहेर आहे. २०२१च्या विजेतेपदानंतर बेन बार मेनचे मुख्य प्रशिक्षक झाले. पहिल्या मोसमात ७ विजय, २२ पराभव, ४ बरोबरी. ओळखीचं वाटतंय? २०२३-२४मध्ये २३ विजय, २०२४-२५मध्ये २४ विजय आणि हॉकी ईस्टची स्पर्धा खिशात. त्यांच्याकडे कुणी मकार नव्हता.

यूमासने २०२२मध्ये यूकॉनला, म्हणजे कनेटिकट विद्यापीठाला, जादा वेळेत हरवून हॉकी ईस्टची स्पर्धा पुन्हा जिंकली, मग २०२२-२३ला घसरून १३ विजयांवर आला. २०२४ला राष्ट्रीय स्पर्धेत दुसऱ्या जादा सत्रात डेन्व्हरकडून १-२, २०२५ला मिनेसोटाला जादा वेळेत ५-४ हरवून मग वेस्टर्न मिशिगनकडून १-२. दोन्ही वर्षी आम्हाला हरवणाराच पुढे विजेता झाला. या माहितीने चाहत्याला किती समाधान मिळतं ते विचारू नका.

पुढचं गणित मात्र वेगळं असणार आहे. कॅनडाच्या मोठ्या कनिष्ठ लीगमध्ये खेळलेल्या मुलांना पूर्वी अमेरिकी महाविद्यालयांत खेळायला बंदी होती. २०२५-२६च्या मोसमापासून ती उठली आहे. आता तयार, नावाजलेली मुलं थेट घेता येतात, आणि श्रीमंत कार्यक्रम ती घेणारच. ट्रिविग्नोसारख्या पोरावर चार वर्षं मेहनत घेण्याइतका धीर किती प्रशिक्षकांकडे उरेल याची मला शंका आहे. कार्व्हेल यांच्याकडे तो आहे असं मी धरून चाललोय, आणि मोसमाचे पहिले काही सामने मी नेहमीप्रमाणे फलकाकडे न बघता बचावपटूच्या पहिल्या पासकडेच बघणार आहे.